सतरा पतसंस्था, सतरा कॉप्या : आवरायला सुरुवात कुठून करायची?

वाचकाचं पत्र

आम्ही सांगलीत पाच जण मिळून पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. भाषा पीएचपी, डेटाबेस मायएसक्यूएल. सध्या १७ संस्था आहेत, काहींचा सर्व्हर त्यांच्याच ऑफिसात, काहींचा भाड्याचा. एप्रिलमध्ये एका संस्थेत मुदत ठेवीच्या व्याजाची चूक दुरुस्त केली होती. जूनमध्ये दुसऱ्या सहकाऱ्यानं पावतीचा नवा फॉर्मॅट चढवला आणि तीच व्याजाची चूक परत आली. चेअरमन फार चिडले. आमच्या शेअर्ड ड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल_नवीन’, ‘फायनल_नवीन_खरं’ अशी फोल्डर आहेत. भागीदार म्हणतात, गिट बसवलं की सगळं जागेवर येईल. त्यातच एका मोठ्या संस्थेनं ‘तुमची कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची पद्धत लेखी द्या’ असं पत्र पाठवलंय. गिट म्हणजेच कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट का? आणि सुरुवात कुठून करू?
— सं. पा., सांगली

उत्तर

सं. पा., गिट (फाइल्समधला प्रत्येक बदल कोणी, कधी केला याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) लागेलच. पण ते उद्या बसवून त्यात ‘फायनल_नवीन_खरं’ भरलंत तर जूनचा प्रकार पुन्हा घडेल. म्हणून आधी तो प्रकार पाहू.

तुमच्या पत्रावरून दिसतं ते असं : एप्रिलची दुरुस्ती थेट त्या संस्थेच्या सर्व्हरवर झाली, किंवा ज्यानं केली त्याच्याच मशीनवर राहिली. पावतीचं काम करणाऱ्याच्या फोल्डरमध्ये ती कधी पोचलीच नाही. त्यानं आपलं फोल्डर चढवलं तेव्हा एप्रिलच्या फाइलवर मार्चची फाइल बसली. दोघांचाही कोड बरोबर होता. त्या सर्व्हरवर नेमकं काय आहे याची नोंद मात्र कुठंच नव्हती, आणि सर्व्हरवर काय चढवायचं हे ज्याच्या-त्याच्या लॅपटॉपवर ठरत होतं.

कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं : या ग्राहकाकडे आत्ता नेमकं काय चालू आहे, आणि तेच्या तेच मला दुसऱ्या मशीनवर उभं करता येईल का? १९८३ साली आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं ८२८ क्रमांकाचं मानक काढलं तेही याच कामासाठी. या विषयात तेव्हापासून चार कामं धरली जातात : कोणकोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवायचं ते ठरवणं, त्यातले बदल परवानगीनं करणं, कुठं काय आहे याची नोंद ठेवणं, आणि नोंद व वस्तुस्थिती जुळते का हे तपासणं. गिट दुसऱ्या कामाला भक्कम आधार देतं आणि पहिल्याला थोडा. तिसरं आणि चौथं तुम्हालाच करावं लागतं, आणि तुमचं घोडं तिथंच अडलंय.

नोंद आणि तपासणी नसली तर मोठ्या कंपन्याही बुडतात. अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीनं जुलै २०१२ च्या अखेरीस आपल्या ८ सर्व्हरवर नवा कोड चढवायला घेतला. एका सर्व्हरवर तो चढवायचा राहिला. दुसऱ्या कोणी तपासावं असा लेखी नियमच नव्हता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. नव्या कोडनं एक जुना, वापरात नसलेला फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) पुन्हा कामाला लावला होता. आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगनं बरीच वर्षं बंद असलेला जुना कोड जागा केला. १ ऑगस्टला बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत ऑर्डरींचा पूर आला आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. या गोंधळात त्यांनी उपाय म्हणून काय केलं, तर ज्या सात सर्व्हरवर नवा कोड नीट होता तिथूनच तो काढला. चूक वाढली. कुठल्या सर्व्हरवर काय आहे हे एका नजरेत दिसलं असतं, तर त्यांनी आठव्यालाच हात घातला असता.

आता तुमच्याकडे लक्ष ठेवायच्या गोष्टी कोणत्या? इथं घाई करू नका, कारण बहुतेक टीम फक्त कोड मोजतात. तुमच्या बाबतीत पीएचपीच्या फाइल्स हा एकच भाग आहे. डेटाबेसची रचना, त्यातल्या स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड), पावती आणि पासबुकाचे नमुने, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) लावलेली रात्रीची कामं, कंपोझर या साधनानं आणलेल्या पीएचपीच्या लायब्ररी, पीएचपी आणि मायएसक्यूएलच्या आवृत्त्या व त्यांच्या सेटिंग फाइल्स हे सगळं यादीत हवं. पासबुक जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टवर छापत असाल तर तो फॉन्टही लिहा. नव्या कॉम्प्युटरवर तो नसला की नावांच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात आणि फोन तुम्हालाच येतो.

आवृत्त्या का लिहायच्या ते एका ओळीवर दाखवतो. कर्जखात्याच्या फाइलमध्ये ‘थकबाकी == ०’ अशी अट आहे आणि थकबाकीचा रकाना रिकामा असल्यानं तिथं रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आली. पीएचपी ७ मध्ये रिकामी स्ट्रिंग आणि शून्य यांची अशी तुलना खरी ठरते, म्हणजे थकबाकी नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या पीएचपी ८ पासून ती खोटी ठरते, म्हणजे तोच सभासद थकबाकीदारांच्या यादीत जातो. कोडचं एक अक्षर बदललेलं नाही. भाड्याच्या सर्व्हरवाल्यानं पीएचपीची आवृत्ती वर नेली, एवढंच. मायएसक्यूएलचंही तसंच आहे. ५.७ मध्ये मूळ कॅरेक्टर सेट (कोणती अक्षरं साठवता येतील ते ठरवणारी सेटिंग) लॅटिन-१ आहे आणि ८.० मध्ये यूटीएफ८एमबी४. ज्या टेबलाला कॅरेक्टर सेट स्पष्ट दिलेला नाही ते ५.७ वर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं साठवू शकतं. ८.० वर घेतलेला बॅकअप ५.७ वर चढवायला गेलात तर ‘अननोन कोलेशन’ (अक्षरांची तुलना करायचा नियम ओळखीचा नाही) म्हणून अडतो.

सुरुवात गिटनं नाही, शिरगणतीनं करा. एक आठवडा तरी नवं काहीही कुठंही चढवू नका. संस्थांना तसं कळवा. फारच तातडीचं असेल तर एकाच माणसानं करायचं आणि लिहून ठेवायचं.

प्रत्येक संस्थेच्या सर्व्हरवरून चालू फोल्डर जसंच्या तसं उतरवून घ्या. सभासदांनी दिलेली कागदपत्रं, फोटो आणि लॉग वगळा. मग प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा, जणू तिच्या अंगठ्याचा ठसा असलेला आकडा) काढून यादी करा. लिनक्सवर ‘फाइंड’ आणि ‘एसएचए२५६सम’ मिळून हे काम काही मिनिटांत होतं, विंडोजवर पॉवरशेलचं ‘गेट-फाइलहॅश’ आहे. याद्या एकमेकींशी लावून पाहिल्या की कोणत्या संस्थांचा कोड अगदी एकसारखा आहे ते कळतं आणि सतराचे गट पडतात. ओळ संपल्याची खूण विंडोज आणि लिनक्सवर वेगळी असते, तेवढ्यानंही चेकसम वेगळा येतो, तेव्हा गट थोडे जास्त दिसले तर घाबरू नका.

डेटाबेसची रचना ‘मायएसक्यूएलडंप’नं (डेटाबेस फाइलमध्ये उतरवणारी आज्ञा) घ्या आणि तीन पर्याय आठवणीनं द्या : ‘--नो-डेटा’, ‘--रूटीन्स’ आणि ‘--स्किप-कॉमेंट्स’. पहिला पर्याय विसरलात तर सभासदांचे आधार आणि पॅन तुमच्या लॅपटॉपवर येतील, तो डेटा गिटमध्ये कधीच जाता कामा नये. दुसरा फार महत्त्वाचा आहे. ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) डंपमध्ये आपोआप येतात, पण स्टोअर्ड प्रोसीजर आणि फंक्शन सांगितल्याशिवाय येत नाहीत. तुमच्या व्याजाचा हिशोब प्रोसीजरमध्ये असेल तर नेमका तोच भाग तुलनेतून सुटेल आणि तुम्ही ‘सगळं सारखं आहे’ असं समजून बसाल. तिसऱ्या पर्यायानं तारीख-वेळेच्या ओळी गळतात. तरीही टेबलांमधला ऑटो-इन्क्रिमेंटचा (पुढच्या नोंदीला आपोआप मिळणारा) आकडा प्रत्येक संस्थेत वेगळा असणारच, तो काढून टाका आणि मगच तुलना करा.

आता गिट. पहिल्या कमिटच्या (कमिट म्हणजे गिटमध्ये पक्की केलेली बदलांची नोंद) आधी दोन गोष्टी. डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलमध्ये आहे ती फाइल ‘डॉट गिटइग्नोर’मध्ये (गिटनं वगळायच्या फाइल्सची यादी) घाला आणि तिच्याऐवजी पासवर्ड रिकामा ठेवलेली नमुना फाइल कमिट करा. पासवर्ड एकदा कमिट होऊन सगळ्यांकडे पोचला की पुढच्या कमिटमध्ये फाइल पुसून भागत नाही, तो इतिहासात राहतो. तसं झालंच तर आधी पासवर्ड बदला आणि मग इतिहास साफ करायचं पाहा. बऱ्याच जणांचा हा क्रम उलटा होतो. दुसरी गोष्ट, ‘डॉट गिटअॅट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये ‘* टेक्स्ट=ऑटो’ ही ओळ घाला. नाहीतर ओळींच्या शेवटातल्या फरकामुळे हजार ओळींची अख्खी फाइल बदललेली दिसेल आणि खरी बदललेली ओळ त्यात हरवेल.

सगळ्यात मोठ्या गटाचा कोड मुख्य शाखेत (गिटमधली शाखा म्हणजे कोडची स्वतंत्रपणे पुढं जाणारी वाट) पहिला कमिट म्हणून ठेवा. बाकी प्रत्येक गटासाठी तिथून एक शाखा काढा, ‘डॉट गिट’, ‘डॉट गिटइग्नोर’ आणि ‘डॉट गिटअॅट्रिब्यूट्स’ सोडून फोल्डर रिकामं करा, त्या गटाच्या फाइल्स टाका आणि कमिट करा. रिकामं केल्याशिवाय वर टाकलंत तर त्या गटात नसलेल्या फाइल्स तशाच राहतील आणि फरक खोटा दिसेल. नंतर ‘गिट डिफ --स्टॅट’नं आधी कोणत्या फाइल्स वेगळ्या आहेत ते पाहा, मग एकेक फाइल उघडा.

खरं काम इथं आहे, आणि ते दोघांनी शेजारी बसून करावं. प्रत्येक फरकाला तीनपैकी एक चिठ्ठी लावा. सगळ्यांना मिळायला हवी होती अशी दुरुस्ती असेल (तुमची एप्रिलची व्याजाची दुरुस्ती याच प्रकारची), तर ती मुख्य शाखेत घ्या. संस्थेचं नाव, लोगो, कागदाचा आकार, व्याजाचे दर असं काही असेल तर ते कोडमधून काढून सेटिंगच्या टेबलात न्या. खरोखर वेगळा नियम असेल, उदाहरणार्थ एक संस्था मुदतपूर्व ठेव मोडताना वेगळी कपात करते, तर दोन्ही नियम एकाच कोडमध्ये ठेवा आणि कोणता लागू करायचा ते सेटिंगनं ठरवा. ‘टेस्ट२’, ‘इंडेक्स_जुनं’ असल्या फाइल्सना चिठ्ठीची गरज नाही. त्या मुख्य शाखेत येऊ देऊ नका, सर्व्हरवरूनही काढा, कारण त्यांतली एखादी बाहेरून उघडता येत असेल.

हे संपलं की गटांच्या शाखांना टॅग (त्या क्षणाच्या कोडला दिलेलं कायमचं नाव) लावून त्या बंद करा. या मुद्द्यावर तडजोड करू नका असं मी आग्रहानं सांगेन. ‘प्रत्येक ग्राहकाला कायमची एक शाखा’ ही सोय पहिल्या महिन्यात फार छान वाटते. मग एक दुरुस्ती सतरा ठिकाणी मर्ज करावी, म्हणजे मिसळावी लागते, पाचव्या-सहाव्या ठिकाणी एकाच ओळीवर दोन वेगळे बदल आदळतात, कोणीतरी ‘याचं उद्या बघू’ म्हणतं, आणि वर्षभरात शेअर्ड ड्राइव्हवरची तीच फोल्डरं शाखांच्या नावानं परत उभी राहतात.

डेटाबेसमधला प्रत्येक बदल क्रमांक घातलेल्या एसक्यूएल फाइलमध्ये लिहा : ००१, ००२ असं पुढं. कोणत्या फाइल्स चालवून झाल्या हे प्रत्येक डेटाबेसमधल्या एका छोट्या टेबलात नोंदवा. एकदा कुठंही चाललेली फाइल पुन्हा बदलायची नाही. चूक निघाली तर पुढच्या क्रमांकाची नवी फाइल. मायएसक्यूएलमध्ये एक मेख आहे : ‘ऑल्टर टेबल’सारखी आज्ञा आधीचं ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारे डेटाबेसमधले बदल) आपोआप पक्कं करून टाकते. एका फाइलमध्ये चार ‘ऑल्टर’ असतील आणि तिसरा फसला तर पहिले दोन मागे घेता येत नाहीत, डेटाबेस अर्धवट अवस्थेत राहतो. म्हणून एका फाइलमध्ये रचनेचा एकच बदल, आणि आधी पूर्ण बॅकअप. जुना कॉलम काढायचा असेल तर आधी नवा जोडा, एक रिलीज दोन्ही ठेवा, पुढच्या रिलीजला जुना काढा. म्हणजे कोड मागे न्यायची वेळ आली तर जुन्या कोडला त्याचा कॉलम सापडतो.

रिलीजचा नियम एकच ठेवा : सर्व्हरवर जे जाईल ते टॅगमधून जाईल. कोणाच्याही लॅपटॉपवरच्या फोल्डरमधून नाही. आवृत्तीला तीन आकडे द्या. ३.२.० मधला शेवटचा आकडा दुरुस्तीसाठी, मधला नव्या सोयीसाठी, पहिला जुन्याशी न जुळणाऱ्या बदलासाठी. टॅग नोंदीसह करा, म्हणजे ‘गिट टॅग -ए’नं. कोणी, कधी, का हे त्यात राहतं. टॅग साध्या पुशनं (आपले कमिट सगळ्यांच्या सामायिक गिट सर्व्हरवर पाठवणारी आज्ञा) तिथं जात नाहीत, ते वेगळे पुश करावे लागतात. हे विसरल्यामुळे एकाच्या मशीनवर ३.२.० आहे आणि बाकीच्यांना ते दिसतच नाही, असं हमखास होतं.

मग ‘गिट आर्काइव्ह’नं त्या टॅगच्या फाइल्स रिकाम्या फोल्डरमध्ये काढा आणि तिथं ‘कंपोझर इन्स्टॉल --नो-डेव्ह’ चालवा. ‘कंपोझर अपडेट’ इथं चालवायचं नाही. इन्स्टॉल लॉक फाइलमध्ये लिहिलेल्याच आवृत्त्या आणतं, अपडेट नव्या शोधतं आणि लॉक फाइलच बदलतं. अर्थात त्यासाठी ‘कंपोझर.लॉक’ कमिट केलेली हवी. शेवटी सगळ्या फाइल्सची चेकसमची यादी करून तीही पॅकेजसोबत ठेवा. सर्व्हरवर पॅकेज नव्या फोल्डरमध्ये उतरवा आणि मग जुन्या-नव्याची अदलाबदल करा. जुनं फोल्डर पुढच्या रिलीजपर्यंत राहू द्या.

पॅकेज करण्याआधी ‘गिट डिस्क्राइब --टॅग्ज --डर्टी’ चालवून त्याचं उत्तर एका फाइलमध्ये लिहा आणि ते सॉफ्टवेअरच्या तळाशी दाखवा. नीट रिलीज असेल तर तिथं फक्त ‘व्ही३.२.०’ दिसेल. ‘व्ही३.२.०-४-जी९ए१सी२ई७-डर्टी’ असं दिसलं तर समजा की टॅगनंतर चार कमिट आणखी झाले आहेत, शेवटचा कमिट ९ए१सी२ई७ नं सुरू होतो, आणि वर कमिट न केलेले बदलही आहेत. असं पॅकेज तुमच्या स्क्रिप्टनं बनवायलाच नकार द्यावा. संस्थेतून फोन आला की पहिला प्रश्न ‘खाली काय आकडा दिसतोय?’

आता एप्रिलसारखी तातडीची दुरुस्ती. समजा त्या संस्थेत ३.२.० आहे आणि मुख्य शाखेत ३.३ चं काम अर्धं झालंय. मुख्य शाखेतून पॅकेज करू नका, अर्धवट काम ग्राहकाकडे जाईल. ३.२.० च्या टॅगवरून शाखा काढा, दुरुस्ती करा, ३.२.१ टॅग करा, पाठवा. आणि त्याच दिवशी ती शाखा मुख्य शाखेत मर्ज करा. ही शेवटची पायरी राहिली की ३.३ मध्ये चूक परत येते, गिट असो वा नसो. जूनमध्ये तुमच्याकडे हीच पायरी नव्हती. मर्ज झाल्याशिवाय तक्रार बंद करायची नाही असा नियम घाला, आणि प्रत्येक कमिटच्या संदेशात तक्रारीचा क्रमांक लिहा.

नोंदीसाठी महागडं काही नको, एक तक्ता पुरे. संस्थेमागे एक ओळ : आवृत्ती, शेवटच्या एसक्यूएल फाइलचा क्रमांक, पीएचपी आणि मायएसक्यूएलच्या आवृत्त्या, कधी चढवलं, कोणी चढवलं, कोणी तपासलं. शेवटचे दोघे वेगळे असायला हवेत. महिन्यातून एकदा प्रत्येक सर्व्हरवर ‘एसएचए२५६सम -सी’ चालवून पॅकेजसोबतच्या यादीशी फाइल्स जुळतात का पाहा. ही आज्ञा यादीतल्या फाइल्सच तपासते, आगाऊ आलेली नवी फाइल तिला दिसत नाही, तेव्हा फाइल्सची संख्याही मोजा. जुळलं नाही तर कोणीतरी थेट सर्व्हरवर हात मारलाय. रागावण्याआधी त्याला तसं का करावं लागलं ते विचारा. बहुतेकदा तुमचा रिलीजचा मार्ग फार लांबचा असतो, आणि मग तो आखूड करायला हवा.

मोठ्या संस्थेला द्यायचं लेखी टिपण तीन-चार पानांचं करा. कोणत्या गोष्टींवर लक्ष ठेवता त्यांची यादी, बदलाला मंजुरी कोण देतं, आवृत्ती कशी ठरते, तातडीची दुरुस्ती कशी जाते, नोंद कुठं आहे, तपासणी कधी होते आणि बॅकअप कुठं असतो. जे आज करत नाही ते त्यात लिहू नका. त्यांचा तपासनीस पहिल्या भेटीत एखादी जुनी तक्रार उचलून विचारेल की ही कोणत्या कमिटमध्ये सुटली आणि आमच्याकडे कधी आली. तेवढं दोन मिनिटांत दाखवता आलं तर तुमचं टिपण खरं आहे हे त्यालाही दिसेल.

पहिल्या एकत्रित रिलीजसाठी सगळ्यात कमी खाती असलेली, तुमच्याशी मोकळेपणानं बोलणारी संस्था निवडा. तिच्या डेटाबेसची प्रत घेऊन जुन्या आणि नव्या कोडवर एकाच तारखेची व्याज आकारणी चालवा आणि खातेनिहाय आकडे पैशापर्यंत जुळतात का पाहा. ही चाचणी प्रत्येक संस्थेसाठी करा, फक्त पहिलीसाठी नाही. जिथं आकडे जुळणार नाहीत तिथं एक तर चिठ्ठी लावायचा राहिलेला फरक सापडेल, नाहीतर त्या संस्थेत आजवर चाललेली चूक. ती चूक असेल तर चेअरमनना नवा कोड चढवण्याआधी सांगा, नंतर नाही. आणि महिनाअखेर, ३० सप्टेंबर व ३१ मार्चच्या आसपासचा आठवडा कोणाच्याही सर्व्हरला हात लावू नका.